स्क्रीनपासून सुरुवात करा: तपकीर गल्लीतून पार्ट घेऊन जुळवलेल्या आमच्या गेमिंग पीसीचा सात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

२०२५ च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन एकेक पार्ट निवडून गेमिंग पीसी घेऊन आलो आणि घरी स्वतःच्या हाताने जुळवला. तेव्हाच लिहायचं होतं पण म्हटलं थांबू, आठ दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. आता सात महिने रोज वापरलाय, पावसाळ्याचा शेवट आणि दिवाळी बघितली, आता मार्चचं ऊनही चालू झालंय. कुठला पार्ट पैसे वसूल करून देतोय आणि कुठे आम्ही उगाच खर्च केला ते सगळं नीट सांगते. लांब होईल, कारण एक-सव्वा लाखाचा विषय आहे आणि घरातले पैसे घालून पीसी बांधणाऱ्या पोरांना दुकानात जे ऐकवलं जातं ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं.

आधी मागची गोष्ट, म्हणजे मी एसएमपीएसवर (पीसीतल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) एवढी का अडून बसते ते कळेल. २०१९ मध्ये पहिला पीसी घेतला तेव्हा एका दुकानदाराने पॅकेज बनवून दिलं होतं. प्रोसेसर चांगला, ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा पार्ट) ठीकठाक, आणि एसएमपीएसच्या रकान्यात नुसतं "५०० वॉट" लिहिलेलं. कंपनीचं नाव कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात लाईट गेली, पाच मिनिटांनी आली आणि त्यासोबत कॅबिनेटमधून फट्ट आवाज आणि जळका वास. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या हार्ड डिस्कवर आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते. पीसी परत घेता येतो हो, पण ते फोटो आजपर्यंत मिळालेले नाहीत. तेव्हापासून मी कुणालाही पीसी सुचवताना पहिला प्रश्न एसएमपीएसचा विचारते.

यावेळी भावाचा इंजिनिअरिंगचा शेवटचा टप्पा, त्याच्या इंटर्नशिपचे साठलेले पैसे आणि उरलेले माझे, असं मिळून सगळं धरून एक लाख वीस हजाराचं बजेट होतं. तो रोज प्रोसेसरचे व्हिडिओ बघायचा आणि रोज यादी बदलायचा. मी त्याला एकच विचारलं, स्क्रीन कुठली घेणार? तो म्हणाला, "ताई, मॉनिटर नंतर बघू ना, जुना आहेच की." जवळजवळ सगळे इथेच चुकतात असं माझं मत आहे. गेमिंग पीसी हा शेवटी स्क्रीनवर चित्र काढणारा कामगार आहे, आणि किती मोठं चित्र सेकंदाला किती वेळा काढायचंय हे ठरल्याशिवाय कामगार किती ताकदीचा हवा ते कसं ठरवणार. १०८० पी म्हणजे एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, साधारण २० लाख ७३ हजार ठिपके, १४४० पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार, आणि फोर के म्हणजे ८२ लाख ९४ हजार. १०८० वरून १४४० वर गेलात की ग्राफिक्स कार्डाचं काम पावणेदोन पटीच्या आसपास जातं, प्रोसेसरचं काम मात्र फारसं वाढत नाही. म्हणून जुन्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरसाठी पन्नास हजाराचं कार्ड घेणारा आणि नव्या १४४० पी मॉनिटरसाठी सगळे पैसे प्रोसेसरमध्ये घालणारा, दोघांचेही पैसे वाया जातात.

आम्ही आधी मॉनिटर ठरवला. २७ इंच, १४४० पी, १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनल, साडेएकोणीस हजार. भाऊ व्हॅलोरंट हा झटपट गोळीबाराचा गेम खेळतो म्हणून हर्ट्झ हवेत, मला सायबरपंक आणि रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे निवांत हिंडायचे गेम आवडतात म्हणून रेझोल्यूशन हवं, दोघांचं भागलं. हा ठरल्यावर बाकीची यादी आपोआप मागे मागे लिहीत गेलो आणि त्यानंतर ती यादी एकदाही बदलली नाही, हे भावासाठी तरी नवल होतं.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त वेळ गेला. गल्लीत त्या दिवशी तीन पर्याय समोर होते (आरटीएक्स म्हणजे एनव्हिडियाचं, आरएक्स म्हणजे एएमडीचं कार्ड, आणि जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी). आरटीएक्स ५०६० आठ जीबी तीस हजाराच्या आत, आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी साडेअडतीस हजार, आणि आरटीएक्स ५०६० टीआय सोळा जीबी सेहेचाळीसच्या पुढे. पहिल्या तीन दुकानांत आम्हाला ५०६० च दाखवला, "ताई, एनव्हिडिया म्हणजे एनव्हिडिया, एएमडीच्या भानगडीत पडू नका." आता एनव्हिडियाचं डीएलएसएस (छोटं चित्र एआयने मोठं करून गेम वेगात चालवायचं तंत्र) चांगलं आहे हे मी मान्य करते, आणि ज्यांना ब्लेंडरमध्ये थ्रीडीची किंवा एआयची कामं करायचीत त्यांनी एनव्हिडियाच घ्यावं, तिथे कुडावर (एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेवर) चालणारं सॉफ्टवेअर खूप आहे आणि एएमडीवर तेच करायला डोकं खाजवावं लागतं. पण आम्हाला फक्त गेम खेळायचे होते, १४४० पी वर, आणि कार्ड चार-पाच वर्षं टिकवायचं होतं. तिथे आठ जीबी मला पटेना.

आठ जीबी कमी पडली की काय होतं हे समजून घ्या, कारण दुकानात कोणी सांगत नाही. गेमचे टेक्स्चर, म्हणजे भिंती, कपडे, रस्ते यांची चित्रं, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बसलेली असतात. ती भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून स्लॉटमधून ओढून आणावा लागतो, आणि तो रस्ता कार्डाच्या मेमरीच्या तुलनेत अगदीच अरुंद आहे. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरे दिसतात पण मध्येच झटका बसतो, वळलं की अर्धा सेकंद चित्र अडकतं, किंवा गेम स्वतःच टेक्स्चर खराब करून टाकतो आणि समोरची भिंत चिखल लावल्यासारखी दिसते. माझ्या मैत्रिणीकडे आठ जीबीचं कार्ड आहे, १०८० पी वर ती आनंदात आहे, तिला मी बदल म्हणून कधीच सांगणार नाही. पण तेच कार्ड आमच्या मॉनिटरला लावून बघितलं तेव्हा टेक्स्चर अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर, नेल्यावर झटके सरळ डोळ्यांना दिसत होते.

म्हणून सफायर पल्स आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घेतलं. दोन पंख्यांचं आटोपशीर कार्ड, एकच आठ पिनची केबल लागते आणि वीज कमी खातं, एएमडीने १६० वॉट सांगितलेत. सायबरपंक १४४० पी वर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायची सोय) बंद ठेवून अल्ट्राला सत्तरच्या वर चालतो, आणि एफएसआर (एएमडीचं डीएलएसएससारखं तंत्र) लावलं की अजून सुटसुटीत. रे ट्रेसिंग पूर्ण लावलं की मात्र दमतं, ते या किमतीत अपेक्षितच होतं. ड्रायव्हरबद्दल (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल) गल्लीत जी भीती घातली होती तसं काही झालं नाही, सात महिन्यांत एकदाच एका अपडेटनंतर स्क्रीन काळी होऊन परत आली, आधीचा ड्रायव्हर टाकला आणि तो विषय संपला. एकच सांगते, याच नावाचं आठ जीबीचंही कार्ड मिळतं आणि दोन्हींचे खोके जवळजवळ सारखेच. बिल करायच्या आधी खोक्यावर १६ जीबी लिहिलंय का ते स्वतः वाचा.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००, सतरा हजार आठशे. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. भावाला रायझन ७ हवा होता, कारण आठ कोअर ऐकायला भारी वाटतं. त्याला म्हटलं, आठ कोअरचे जे दहा-बारा हजार जास्त लागतात ते आपण कार्डात घातलेत आणि १४४० पी वर बहुतेक वेळ प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसणार आहे. तसंच झालंय. व्हॅलोरंटमध्ये उलटं असतं, तिथे प्रोसेसरच सगळं काम करतो, तरीही तीनशेच्या वर एफपीएस येतात आणि मॉनिटर १८० चाच आहे.

एएमडीचाच ७५००एफ साडेतीन हजारांनी स्वस्त होता आणि गेममध्ये फरक किरकोळ आहे, तो का नाही घेतला हे बऱ्याच जणांनी विचारलं. दोन कारणं. एक म्हणजे ७५००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, ७६०० मध्ये छोटंसं का होईना असतं, त्यामुळे उद्या कार्ड वॉरंटीला गेलं तर पीसी बंद पडत नाही, भावाचं कॉलेजचं काम चालू राहतं. दुसरं म्हणजे आम्हाला जिथे जिथे ७५००एफ दाखवला तिथे तो ट्रेवाला होता, खोक्याशिवाय, आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी. खोक्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. बजेट अगदीच आवळलेलं असेल तर ७५००एफ घ्या, काही वाईट नाही, पण बिलावर वॉरंटी कुणाची आणि किती ते लिहून घ्या.

इंटेलचा १२४००एफ पण बघितला होता. आजही चांगला प्रोसेसर आहे आणि बोर्ड स्वस्त मिळतो. पण त्याचं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा), एलजीए १७००, चौदाव्या जनरेशनला संपलं, पुढचे इंटेलचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. आणि १३ व्या, १४ व्या जनरेशनच्या वरच्या प्रोसेसरमध्ये २०२४ साली जो व्होल्टेजचा घोळ निघाला, इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्तीचे अपडेट) काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली, त्यानंतर तिकडे पुढे अपग्रेड करायची माझी हिंमत नव्हती. आमच्या ७६०० चं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवणार असं सांगितलंय. आधीच्या एएम४ वर लोकांनी २०१७ मध्ये घेतलेल्या बोर्डावर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला, हे माझ्या एका ऑफिसातल्या मित्राने स्वतः केलंय, त्यामुळे या शब्दावर माझा विश्वास बसतो.

बोर्ड एमएसआयचा बी६५०एम गेमिंग प्लस वायफाय, तेरा हजार नऊशे. त्यात रॅमचे चार स्लॉट, एसएसडीच्या (गेम आणि फाइल ठेवायच्या डिस्कच्या) दोन जागा, वायफाय आतच, आणि मागच्या बाजूला बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करायचं, म्हणजे अपडेट करायचं बटण. हे बटण फार कामाचं आहे, पुढे नवा प्रोसेसर घेतला आणि जुन्या बायोसला तो ओळखता आला नाही तर नुसत्या पेन ड्राइव्हने अपडेट करता येतं. ए६२० चा साधा बोर्ड घेतला असता तर चार-पाच हजार वाचले असते आणि ७६०० त्यावर आरामात चालला असता. तीन वर्षांनी यावरच एखादा एक्स३डी (गेमसाठी जास्त कॅश मेमरीवाला) प्रोसेसर टाकायचा बेत आहे म्हणून इथे जास्त दिले. ज्यांचा तसा बेत नाही त्यांनी हे पैसे वाचवावेत.

रॅम बत्तीस जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६००० सीएल३०, नऊ हजार सहाशे. दोन पट्ट्या घ्या, एक मोठी नको, कारण एकाच पट्टीने मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. विंडोज टाकून झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ४८०० दाखवत होता, ६००० चे पैसे दिलेले! बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर ६००० झाला. कितीतरी लोक वर्षानुवर्षं ४८०० वर चालवतात आणि त्यांना कळतही नाही, आजच उघडून बघा.

रॅमचे भाव मात्र आता विचारूच नका. आम्ही घेतली तेव्हा नऊ हजार सहाशे, ऑक्टोबरपासून चढायला लागली आणि डिसेंबरमध्ये त्याच दुकानात त्याच किटचा भाव जवळजवळ तिप्पट सांगितला. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून कंपन्या तिकडेच माल वळवतायत, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल नावाने ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. आत्ता जो पीसी बांधतोय त्याला मी बत्तीस जीबीचा हट्ट धरायला सांगणार नाही. आठच्या दोन पट्ट्या घ्या, सोळामध्ये आजचे बहुतेक गेम चालतात, मागे ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या ठेवू नका म्हणजे झालं, आणि वाचलेले पैसे कार्डातच ठेवा.

एसएसडी डब्ल्यूडी एसएन७७०, एक टीबी, पाच हजार सातशे. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, चालते, गरम होत नाही, पाच वर्षांची वॉरंटी. दुकानात सात हजार एमबीपीएसवाली महागडी दाखवतात, गेम लोड व्हायला दोघींमध्ये सेकंद-दीड सेकंदाचा फरक. एक टीबी कमी पडते हे मात्र खरं, पाच-सहा मोठे गेम टाकले की भरते. तेव्हा दोन टीबी घ्यायला हवी होती, आता तीही महाग झालीये.

आता एसएमपीएस, आणि इथेच दुकानात वाद झाला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण बाकी त्यांचं वागणं चांगलं होतं आणि नंतर सर्व्हिसही दिली. मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत गेलो होतो, सगळीकडे मंडपांचे बांबू, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, खांद्यावर खोकी घेऊन हमाल "चलो चलो" करत चाललेले. यादी आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि त्यांनी भाव लिहून दिला होता, त्यात एसएमपीएस कोर्सेअर सीएक्स६५०, पाच हजार सहाशे. काउंटरवर सगळी खोकी मांडली तेव्हा एसएमपीएस दुसराच. दुकानदार भावाकडे बघून म्हणाले, "भाऊ, तो संपला, हा साडेसातशे वॉटचा देतो, तुमच्यापेक्षा शंभर वॉट जास्त आणि वर हजार रुपये कमी." भावाचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "दादा, खोकं उघडून स्टिकर दाखवता का जरा?"

स्टिकरवरची ही एक ओळ वाचायला प्रत्येकाने शिकावं म्हणून नीट सांगते. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणून खरी ताकद तिथे दिसते. त्या "साडेसातशे" वाल्यावर ३८ अँपिअर होते. १२ गुणिले ३८, म्हणजे ४५६ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज मोठी केलेली. सीएक्स६५० वर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट, नावात जेवढे आहेत तेवढेच. मोबाईलवर गुणाकार करून दाखवला तर दुकानदार गप्प झाले, मग पोराला हाक मारली, "अरे, वरच्या गोडाऊनमध्ये बघ रे एक कोर्सेअर असेल." दहा मिनिटांत आला. म्हणजे संपला नव्हता. मला राग त्या हजार रुपयांचा नाही आला, राग याचा आला की मी नसते तर माझा भाऊ खूश होऊन ते खोकं घेऊन घरी आला असता, आणि त्याला काही वर्षांनी एखाद्या पावसात कळलं असतं.

एसएमपीएसवरच्या ८० प्लस (एटी प्लस) ब्राँझ, गोल्ड या शिक्क्याबद्दल पण गैरसमज आहे. तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, शॉर्ट झाल्यावर किंवा व्होल्टेज उसळल्यावर एसएमपीएस स्वतःला आणि बाकीच्या पार्टना वाचवेल का ते नाही सांगत. त्यासाठी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट अशी प्रोटेक्शन कुठली दिलीत ते बघा आणि वॉरंटी बघा, पाच वर्षं देणारा सहसा आत बरा माल घालतो. आणि वॉट उगाच जास्त नकोत. घरी वॉटमीटर लावून बघितलं, सायबरपंक चालू असताना भिंतीतून २८५ वॉटच्या आसपास ओढतो, मॉनिटर वेगळा. साडेपाचशेही पुरला असता, पुढच्या कार्डासाठी साडेसहाशे घेतला. त्याच मीटरमुळे यूपीएसचंही कळलं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॉटचाच असतो, पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या अगदी काठावर जातात, लाईट गेली की तो नुसता ओरडून बंद पडेल. आम्ही ११०० व्हीएचा घेतला, त्याचे पाच हजार वेगळे. आमच्याकडे महिन्यातून दोन-तीनदा लाईट जाते, गेम सेव्ह करून नीट बंद करता येतो. घराचं अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, तीनशे रुपये गेले, पण आता रात्री शांत झोप लागते.

कॅबिनेट डीपकूल सीसी५६०, चार हजार सातशे, पुढे जाळी आणि चार पंखे आतच लावलेले. समोर काच असलेली कॅबिनेटं दिसायला सुंदर असतात, भाऊ एकासमोर पाच मिनिटं उभा होता. पण हवा आत यायला जागाच नाही तर आतले रंगीत दिवे बघत गरम होत बसायचं का? जाळीमुळे धूळ येते, आमच्या मागे बांधकाम चालू आहे त्यामुळे दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून ब्रशने झाडावा लागतो. या आठवड्यात दुपारी खोलीत ३४ डिग्री असताना कार्ड पासष्टच्या आसपास आणि प्रोसेसर सत्तरीत होता, पंख्यांचा आवाज सिलिंग फॅनखाली ऐकूही येत नाही. कूलर डीपकूल एके४००, तेवीसशे. प्रोसेसरच्या खोक्यात एएमडीचा कूलर फुकट येतो आणि ६५ वॉटला तो चालतो, फक्त आवाज करतो. हा खर्च सहा महिने पुढे ढकलता आला असता असं आता वाटतं.

जुळवायचं काम दुकानात पाचशे रुपयांत करून देत होते, आम्ही घरी केलं. देवघरासमोरच्या फरशीवर चादर न टाकता बोर्डाचं खोकं ठेवलं, त्यावर बोर्ड. एएम५ मध्ये प्रोसेसरला खाली पिना नसतात, पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, एक जरी वाकली तरी बोर्ड गेला. कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग लोखंडी दांडी खाली ओढताना कर्रर्र असा आवाज येतो आणि जोर लागतो, भावाचा हात तिथेच थांबला, "ताई, तुटतंय." तुटत नाही, असाच आवाज येतो, दांडी खाली बसली की वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टप्पकन आपोआप उडतं. ते झाकण फेकू नका, वॉरंटीला बोर्ड परत द्यायचा झाला तर ते लावूनच द्यावं लागतं. आमचं आईने कुंकवाच्या डब्यांच्या कप्प्यात जपून ठेवलंय.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले आणि स्क्रीन काळी. बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. भाऊ बटण दाबून बंद करायला निघाला होता, त्याचा हात धरला. डीडीआर५ ला पहिल्या वेळी बोर्ड रॅमची सगळी सेटिंग स्वतः तपासत बसतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ काहीच दिसत नाही. मध्येच बंद केलं की परत पहिल्यापासून. साधारण साडेतीन मिनिटांनी एमएसआयचा लोगो आला आणि भावाने एवढ्या जोरात आरोळी दिली की शेजारच्या काकू दारात आल्या.

दोन गोष्टी जुळवून झाल्यावर लगेच बघा. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही. ७६०० मध्ये आतलं ग्राफिक्स असल्याने बोर्डाला लावली तरी चित्र येतं आणि माणसाला वाटतं सगळं बरोबर आहे, मग गेम पंधरा एफपीएसवर रांगतो आणि बिचाऱ्या कार्डाला शिव्या बसतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा नवा पीसी असाच तीन आठवडे चालू होता, दुकानातूनच तशी केबल लावून दिलेली. आणि विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ निवडा, तो बहुतेकदा आपोआप ६० वर असतो.

हिशेब सांगायचा तर पीसीचे पार्ट अठ्ठ्याण्णव हजार शंभर, मॉनिटर धरून एक लाख सतरा हजार सहाशे, आणि यूपीएसमुळे बजेटच्या थोडं वर गेलो. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतला. बिलाशिवाय घ्या, चार-पाच हजार कमी करतो असं दोन दुकानांत सांगितलं होतं. नाही म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा उपयोग झाला, कॅबिनेटचा मागचा पंखा खडखडायला लागला, दुकानात बिल आणि व्हिडिओ दाखवला, त्यांनी आठ दिवसांत दुसरा मागवून दिला, पैसे नाही. एसएमपीएसच्या वादानंतरही मी या दुकानाला पाचपैकी साडेतीन देईन. भाव बरोबर होते, माल खोलून दाखवला, सर्व्हिस दिली. दीड गुण त्या साडेसातशे वॉटच्या खोक्याचा कापला.

परवा भावाचा एक मित्र त्याच दुकानात गेला, त्याच्यासोबत मीही गेले. दुकानदारांनी मला ओळखलं, काही बोलायच्या आधी एसएमपीएसचं खोकं स्वतःच फोडलं आणि स्टिकर वर करून काउंटरवर ठेवलं, "ताई, बघून घ्या." ५४ अँपिअर होते.